लग्नाच्या व्हिडिओचे संपादन: पसारा होण्याआधीच आवरण्याची रीत

लग्नसराईतील एका साध्या कामाचा हिशेब मांडला, तरी पसारा कुठून येतो हे लक्षात येते. साखरपुडा, हळद, सीमांतपूजन, लग्न आणि स्वागतसमारंभ असे पाच प्रसंग असतात. त्यांच्यासाठी दोन मोठे कॅमेरे, गिंबलवरचा (चालतानाही चित्र स्थिर ठेवणाऱ्या दांड्यावरचा) एक कॅमेरा, एक ड्रोन आणि गुरुजींच्या उपरण्याला लावलेला ध्वनिमुद्रक असतो, आणि सगळे आटोपल्यावर नवरीच्या भावाने व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या चाळीसेक क्लिपाही येऊन पडतात. सेकंदाला १०० मेगाबिट या दराने चित्रीकरण करणारा कॅमेरा तासाला साधारण ४५ गिगाबाइट जागा घेतो. दोन दिवसांत सगळे मिळून नऊ तासांचे फुटेज जमले, तर ४०० गिगाबाइटांच्या आसपास ऐवज हातात येतो, आणि त्यातल्या निम्म्या फायलींची नावे एकमेकींसारखीच असतात. एकाच महिन्यात अशी चार-पाच कामे आली, की कोणती हळद कोणाची हे ओळखण्यातच सकाळ जाते.

आवराआवर संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये करायची असते, असा अनेकांचा समज असतो. माझा अनुभव वेगळा आहे: पसारा कार्ड रिकामे करण्याच्या अर्ध्या तासात तयार होतो आणि पुढचे तीन आठवडे आपण तो फक्त सोसत असतो. म्हणून या लेखात बिन (सॉफ्टवेअरमधले क्लिपांचे कप्पे) आणि टाइमलाइन (क्लिपा क्रमाने जोडण्याची पट्टी) यांपेक्षा त्याआधीच्या पायऱ्यांना जास्त जागा दिली आहे.

आधी समजून घ्यायच्या दोन गोष्टी

पहिली गोष्ट प्रोजेक्ट फाइलची. प्रीमियर प्रो या संपादनाच्या सॉफ्टवेअरच्या प्रोजेक्ट फाइलमध्ये चित्र किंवा आवाज नसतो. कोणती क्लिप डिस्कवर कुठे आहे, ती कोठून कोठपर्यंत कापली आहे आणि तिच्यावर कोणते संस्कार केले आहेत, एवढीच नोंद तिच्यात असते. थोडक्यात, ती पत्त्यांची वही आहे. माणसाने घर बदलले की वहीतला पत्ता चुकतो, तसेच फोल्डरचे नाव बदलले किंवा फाइल दुसऱ्या डिस्कवर हलवली की ‘मीडिया ऑफलाइन’ची पाटी पडद्यावर येते. दाविंची रिझॉल्व्हमध्ये आणखी एक गुंतागुंत आहे. तिथे प्रोजेक्ट सहसा कामाच्या फोल्डरमध्ये नसतोच. तो सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या प्रोजेक्ट लायब्ररीत राहतो. संगणक फॉरमॅट करण्यापूर्वी तो बाहेर काढला नाही, तर फुटेज सुखरूप राहते आणि संपादन मात्र नाहीसे होते. फायनल कट प्रोच्या लायब्ररीत फुटेज आत घेता येते किंवा जागच्या जागी ठेवून त्याचा नुसता दुवा घेता येतो. यांपैकी काय निवडले आहे, हे पहिल्या दिवशीच ठाऊक असले पाहिजे.

दुसरी गोष्ट म्हणजे डिस्कवरच्या प्रत्येक फाइलबाबत एकच प्रश्न विचारण्याची सवय: ही गेली तर पुन्हा तयार करता येईल का? मूळ फुटेज, ध्वनिमुद्रण आणि प्रोजेक्ट फाइल पुन्हा मिळणार नाहीत. प्रॉक्सी (संपादनापुरत्या हलक्या प्रती), कॅश (सॉफ्टवेअरने स्वतःच्या सोयीसाठी साठवलेल्या तात्पुरत्या फायली), प्रीव्ह्यू रेंडर आणि आवाजाच्या तरंगाकृतीच्या फायली यंत्र पुन्हा बनवून देते, त्यासाठी फक्त वेळ जातो. हे दोन वर्ग एकाच फोल्डरमध्ये मिसळले, की जागा कमी पडल्यावर काय पुसावे हे कळत नाही, आणि घाबरून काहीच न पुसणारा माणूस किंवा घाईने सगळेच पुसणारा माणूस तयार होतो.

पायरी पहिली: कार्ड काढण्याआधी फोल्डर

रिकाम्या फोल्डरांचा एक साचा एकदाच तयार करून ठेवावा आणि प्रत्येक नव्या कामासाठी त्याची प्रत काढावी. माझा साचा असा आहे:

०१_फुटेज
०२_ध्वनी
०३_संगीत
०४_ग्राफिक्स_आणि_फॉन्ट
०५_प्रोजेक्ट
०६_एक्सपोर्ट
०७_नोंदी

आकडे पुढे असल्यामुळे फोल्डर नेहमी याच क्रमाने दिसतात आणि हात आपोआप योग्य जागी जातो. कॅश आणि प्रॉक्सी यांना या साच्यात मुद्दाम जागा दिलेली नाही. त्यांच्यासाठी वेगळ्या, शक्यतो वेगवान अशा एसएसडीवर स्वतंत्र फोल्डर ठेवावा. मुख्य फोल्डरमध्ये जे आहे ते जपायचे आणि बाहेर आहे ते केव्हाही पुसता येण्यासारखे, अशी विभागणी मग आपोआप होते.

मुख्य फोल्डरच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस आणि त्यानंतर दोन्ही घराण्यांची आडनावे लिहावीत, उदाहरणार्थ ‘२०२५-०२-१६_देशमुख_जाधव’. आपण बोलताना दिवस आधी सांगतो, पण संगणक नावे डावीकडून वाचून लावतो. दिवस आधी लिहिला, तर फेब्रुवारीचे आणि मेचे लग्न शेजारी येऊन बसते. इथे नावे देवनागरीत लिहिली असली, तरी प्रत्यक्ष संगणकावर फायली आणि फोल्डर यांची नावे साध्या रोमन अक्षरांत आणि इंग्रजी अंकांत ठेवावीत व रिकाम्या जागेऐवजी अधोरेषा वापरावी. देवनागरी ‘१’ आणि इंग्रजी अंकांतला एक ही संगणकाच्या दृष्टीने दोन वेगळी अक्षरे आहेत, त्यामुळे सरमिसळ झाली की क्रम बिघडतो. शिवाय ग्राहकाने पेन ड्राइव्ह जुन्या टीव्हीला लावला, तर देवनागरी नावाच्या जागी नुसते चौकोन दिसू शकतात. नावे आटोपशीर ठेवण्याचेही एक कारण आहे. विंडोजमध्ये अनेक प्रोग्राम फाइलचा संपूर्ण मार्ग २६० अक्षरांपर्यंतच स्वीकारतात, आणि फोल्डरात फोल्डर असे सहा-सात थर झाले की ही मर्यादा वाटते तितकी दूर राहत नाही.

पायरी दुसरी: कार्ड उतरवणे

कार्डवरून फक्त व्हिडिओ फायली उचलून घेण्याचा मोह टाळावा आणि संपूर्ण कार्ड त्याच्या मूळ रचनेसह उतरवावे. सोनीच्या अनेक कॅमेऱ्यांत क्लिपांच्या शेजारी माहितीच्या छोट्या फायली असतात, तर एव्हीसीएचडी पद्धतीच्या कॅमेऱ्यांत एक लांब शॉट अनेक तुकड्यांत साठवलेला असतो आणि फोल्डरांची रचना जशीच्या तशी राहिली तरच सॉफ्टवेअर तो सलग वाचते. गोप्रोची तऱ्हा तर आणखी निराळी आहे. तोही लांब शॉटचे तुकडे करतो, पण नावात तुकड्याचा क्रमांक आधी आणि शॉटचा क्रमांक नंतर येतो. त्यामुळे नावानुसार लावल्यावर तेविसाव्या शॉटचा पहिला भाग वर, दुसरा भाग कुठेतरी खाली आणि मध्ये बाकीचे शॉट अशी अवस्था होते. म्हणून मूळ फायलींची नावे बदलू नयेत. ओळख पटवण्याचे काम फोल्डरच्या नावाने करावे.

प्रत्येक कार्डाला स्वतःचा फोल्डर द्यावा: ‘दिवस१_कॅमेराए_कार्ड१’, ‘दिवस१_कॅमेराए_कार्ड२’, ‘दिवस१_ड्रोन_कार्ड१’. कार्ड फॉरमॅट केले की क्रमांक पुन्हा एकपासून सुरू करण्याची सोय अनेक कॅमेऱ्यांत असते, त्यामुळे दोन कार्डांवर एकाच नावाच्या फायली असणे ही रोजची बाब आहे. त्या एकाच फोल्डरमध्ये ओतल्या आणि ‘रिप्लेस’ या बटणावर बोट पडले, तर हळदीच्या जागी वरात येऊन बसते. सुरुवातीच्या काळात माझ्या हातून असे एकदा झाले आहे. त्या कुटुंबाला हळदीचा व्हिडिओ तीन मिनिटांचाच का आहे, हे समजावताना जे शब्द सुचले, ते इथे लिहिण्यासारखे नाहीत.

साध्या कॉपी-पेस्टमध्ये प्रत मूळ फाइलशी जुळते की नाही, याची तपासणी होत नाही. चेकसम (फाइलमधल्या माहितीवरून काढलेला पडताळणीचा आकडा) काढून दोन्ही बाजू ताडून पाहणारे साधन वापरावे. रिझॉल्व्हच्या मीडिया पानावरचे ‘क्लोन टूल’ हे काम करते आणि एकाच वेळी दोन डिस्कांवर प्रत उतरवते. विंडोजवर टेराकॉपीसारखा छोटा प्रोग्रामही पुरतो. दोन वेगळ्या डिस्कांवर पडताळलेली प्रत झाल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करायचे नाही, आणि फॉरमॅट संगणकावर न करता कॅमेऱ्यातच करायचे. भरलेली कार्डे डबीत उलटी ठेवण्याची जुनी युक्ती आजही उपयोगी आहे, कारण मांडवातल्या गर्दीत रात्री अकरा वाजता कोणते कार्ड रिकामे आहे, हे आठवणीवर सोडणे धोक्याचे असते.

मोबाइलवरच्या क्लिपांसाठी दोन सूचना पुरेशा आहेत. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवलेली क्लिप दाबून लहान केली जाते, म्हणून नातेवाइकांना ती ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला किंवा ड्राइव्हवर टाकायला सांगावे. शिवाय मोबाइलचा फ्रेमदर (सेकंदाला किती चित्रे, तो दर) चित्रीकरणादरम्यान कमी-जास्त होत राहतो आणि लांब क्लिपमध्ये ओठ व आवाज यांचा मेळ सुटत जातो. हँडब्रेकसारख्या साधनाने ती स्थिर २५ फ्रेमच्या दरावर बदलून घ्यावी आणि मूळ क्लिप शेजारी तशीच ठेवावी.

चित्रीकरणाच्या सकाळी दोन मिनिटे काढून सगळ्या कॅमेऱ्यांची घड्याळे आणि तारखा एकसारख्या लावून घेतल्या, तर पुढचे अर्धे काम वाचते. सगळे फुटेज वेळेनुसार लावले की दोन्ही कॅमेऱ्यांतला अंतरपाट शेजारी-शेजारी येतो.

पायरी तिसरी: बिन लावणे

इथे बहुतेक जण डिस्कवरचे फोल्डर जसेच्या तसे सॉफ्टवेअरमध्ये ओढतात आणि ‘कॅमेरा ए’, ‘कॅमेरा बी’ अशी बिन घेऊन बसतात. ती पद्धत मला पटत नाही. क्लिप कुठून आली, या प्रश्नाचे उत्तर डिस्कवरचा फोल्डर देतो. क्लिपमध्ये काय आहे, हे बिनने सांगितले पाहिजे. संपादन करताना आपण ‘कॅमेरा बी, कार्ड दोन’ शोधत नसतो, आपण सप्तपदी शोधत असतो. बिन हलवल्याने डिस्कवरची फाइल हलत नाही, त्यामुळे पत्ते बिघडण्याची भीतीही नसते.

म्हणून प्रसंगानुसार मुख्य बिन करावी आणि लग्नाच्या बिनमध्ये विधींप्रमाणे उपविभाग पाडावेत: मंगलाष्टके, कन्यादान, सप्तपदी, सूनमुख. विधींचा क्रम आणि त्यांची नावे घराण्यागणिक बदलतात, तेव्हा गुरुजींकडून किंवा घरातल्या एखाद्या जाणत्या बाईंकडून यादी आधीच घ्यावी आणि ती ‘०७_नोंदी’मध्ये ठेवावी. कॅमेरा ओळखण्यासाठी बिनऐवजी रंग वापरावा. ए कॅमेऱ्याला एक, बीला दुसरा, ड्रोनला तिसरा. हे रंग टाइमलाइनवरही दिसतात आणि कोणत्या कॅमेऱ्यावर रंगसंस्कार राहिला आहे, ते एका नजरेत कळते.

एक बिन मात्र प्रसंगाची नसून माणसांची असावी. पहिली प्रत पाहून येणाऱ्या तक्रारी कटबद्दल क्वचितच असतात. ‘मामा कुठेच दिसत नाहीत’, ‘आत्याबाई नाशिकहून आल्या होत्या, त्यांचा एकही शॉट नाही’, अशाच त्या असतात. फुटेज पहिल्यांदा पाहताना जवळच्या नातेवाइकांच्या चांगल्या शॉटना खूणशब्द जोडून ठेवला, की रिझॉल्व्हमधील स्मार्ट बिन, फायनल कटमधील कीवर्ड संग्रह किंवा प्रीमियरमधील सर्च बिन ते शॉट स्वतःहून गोळा करून देतात. मामांना शोधायला नऊ तासांचे फुटेज पुन्हा पाहावे लागत नाही.

हललेले, चुकून चालू राहिलेले, जमिनीचे चित्रीकरण केलेले शॉट पुसू नयेत. ‘बाद’ नावाच्या बिनमध्ये टाकावेत. त्यातलाच एखादा आवाज पुढे कामी येतो.

पायरी चौथी: प्रॉक्सी, गरज असेल तरच

फोरके आकार, दहा बिट रंग आणि एच.२६५ ही व्हिडिओ दाबून साठवण्याची पद्धत या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या, की साधा लॅपटॉप टाइमलाइनवर अडखळतो. अशा वेळी १०८० आकाराच्या प्रोरेस (संगणकाला चालवायला सोप्या स्वरूपातल्या) प्रॉक्सी बनवाव्यात. २५ फ्रेमच्या दराने त्या तासाला साधारण १७ गिगाबाइट जागा घेतात, म्हणजे आपल्या नऊ तासांच्या फुटेजसाठी सुमारे १५० गिगाबाइटांची तरतूद लागते. प्रॉक्सी सॉफ्टवेअरच्या ठरलेल्या मार्गानेच मूळ क्लिपला जोडाव्यात. त्या स्वतंत्र क्लिप म्हणून आयात केल्या, तर सॉफ्टवेअर त्यांनाच मूळ समजते आणि अंतिम एक्सपोर्ट त्या हलक्या चित्रातूनच होतो. संगणक मूळ फुटेज सहज चालवत असेल, तर ही पायरी सरळ गाळावी.

पायरी पाचवी: टाइमलाइन आणि आवृत्त्या

एका लग्नातून साधारणपणे दोन-तीन तासांची पूर्ण पारंपरिक फिल्म, काही मिनिटांचा हायलाइट, एक टीझर आणि उभ्या आकाराच्या रीळ एवढ्या गोष्टी निघतात. प्रत्येकीसाठी वेगळी बिन ठेवावी आणि सिंक केलेल्या मल्टिकॅम टाइमलाइन (सगळ्या कॅमेऱ्यांची चित्रे एकाच वेळेवर जुळवलेल्या) या सगळ्यांपासून अलग ठेवाव्यात, कारण त्या कच्चा माल आहेत आणि त्यांच्यात कोणी चुकून कापाकापी केली, तर चारही फिल्म बिघडतात.

‘फायनल’ हा शब्द नावातून हद्दपार करावा. ‘फायनल’, ‘फायनल-नवीन’ आणि ‘फायनल-खरे’ या तीन फायलींपैकी ग्राहकाने कोणती मंजूर केली, हे तिसऱ्या महिन्यात कोणालाच सांगता येत नाही. ‘हायलाइट_आ०१’, ‘हायलाइट_आ०२’ असे साधे क्रमांक द्यावेत, बदल सुरू करण्यापूर्वी टाइमलाइनची प्रत काढावी आणि आधीची आवृत्ती ‘जुने’ या बिनमध्ये सरकवावी. डोळ्यांसमोर एका वेळी एकच चालू आवृत्ती असावी. एक्सपोर्ट केलेल्या फाइलला टाइमलाइनचेच नाव द्यावे, म्हणजे ग्राहकाकडची प्रत आपल्या कोणत्या टाइमलाइनची, हा प्रश्न उरत नाही.

व्हॉट्सॲपवरच्या ध्वनिसंदेशांतून आलेले बदल त्याच दिवशी ‘०७_नोंदी’मधल्या एका मजकूर फाइलमध्ये उतरवावेत: तारीख, कोणी सांगितले, कितव्या मिनिटाला, काय बदलायचे. सासर आणि माहेर यांच्याकडून परस्परविरोधी सूचना येतात, तेव्हा ही नोंद फार कामी येते.

ट्रॅकची शिस्त एकदाच ठरवावी. मुख्य चित्र पहिल्या व्हिडिओ ट्रॅकवर, त्यावरची जोडचित्रे दुसऱ्यावर, शीर्षके तिसऱ्यावर. आवाजात मंत्र आणि बोलणे वरच्या दोन ट्रॅकवर, सनई-चौघडा व इतर वातावरण मधल्या दोन ट्रॅकवर, बाहेरचे संगीत शेवटच्या दोन ट्रॅकवर. एखादे गाणे बदलायचे ठरले, की त्या वेळी बाकी कशालाच धक्का लागत नाही.

मराठी शीर्षकांमुळे एक जादा काळजी घ्यावी लागते. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये केलेले शीर्षक तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडले, की ‘चि. सौ. कां.’च्या जागी निरर्थक रोमन चिन्हे दिसतात. शीर्षके युनिकोडमध्येच करावीत, वापरलेल्या फॉन्टच्या फायली कामाच्या फोल्डरमध्ये ठेवाव्यात, आणि प्रीमियरमध्ये जोडाक्षरे तुटत असतील, तर ग्राफिक्सच्या सेटिंगमधील मजकूर इंजिन दक्षिण आशियाई लिपींच्या पर्यायावर आहे का, ते पाहावे. नावांचे शुद्धलेखन लग्नपत्रिकेवरून घ्यावे. पत्रिकेचा फोटोही तिथेच असावा.

प्रोजेक्टची आपोआप होणारी बचत चालू आहे, असे गृहीत धरू नये. रिझॉल्व्हमध्ये प्रोजेक्ट बॅकअपचा पर्याय सेटिंगमध्ये जाऊन तपासावा आणि दर संध्याकाळी प्रोजेक्ट डीआरपी (रिझॉल्व्हच्या प्रोजेक्टची स्वतंत्र) फाइल म्हणून ‘०५_प्रोजेक्ट’मध्ये काढून ठेवावा. प्रीमियरचा ऑटो-सेव्ह फोल्डर वेगळ्या डिस्कवर असलेला चांगला.

पायरी सहावी: केर काढणे

जागा कमी पडली, की आधी पुन्हा तयार होणाऱ्या वर्गाकडे वळावे. प्रीमियरमध्ये मीडिया कॅशच्या सेटिंगमधून न लागणाऱ्या फायली पुसता येतात आणि ठरावीक दिवसांपेक्षा जुनी कॅश आपोआप जाईल अशी सोयही लावता येते. रिझॉल्व्हमध्ये प्लेबॅक मेनूतून रेंडर कॅश पुसावी, तर फायनल कटमध्ये लायब्ररीतल्या निर्माण केलेल्या फायली काढून टाकण्याचा पर्याय फाइल मेनूत आहे. प्रीमियरमधील ‘रिमूव्ह अनयूज्ड’ ही आज्ञा मात्र नीट समजून वापरावी: टाइमलाइनवर न वापरलेल्या क्लिपा ती प्रोजेक्टमधून काढते, डिस्कवरून नाही. त्यामुळे जागा मोकळी होत नाही, आणि मामांसाठी राखून ठेवलेले शॉट मात्र यादीतून जातात. काम पूर्ण मंजूर होईपर्यंत तिला हात लावू नये.

पायरी सातवी: काम मिटवून ठेवणे

तुळशीच्या लग्नानंतर सुरू झालेली धावपळ आषाढात ओसरते आणि चातुर्मासात मुहूर्त नसल्यामुळे हात मोकळे होतात. डिस्का आवरण्याचा खरा हंगाम तोच. मंजूर झालेल्या कामाची प्रीमियरमध्ये ‘प्रोजेक्ट मॅनेजर’ने आणि रिझॉल्व्हमध्ये ‘प्रोजेक्ट आर्काइव्ह’ने एकत्र प्रत काढावी. ती झाल्यावर मूळ डिस्क संगणकापासून सोडवून ही प्रत उघडून पाहावी. मूळ डिस्क जोडलेली असेल, तर सॉफ्टवेअर गुपचूप तिच्यावरचे फुटेज वापरते आणि सगळे ठीक असल्याचा आभास होतो.

छायाचित्रकार पीटर क्रोग यांच्यामुळे रूढ झालेला ३-२-१ हा संकेत इथे पुरेसा आहे: तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यांपैकी एक दुसऱ्या जागी. सगळे फुटेज क्लाउडवर ठेवणे परवडत नसेल, तर निदान प्रोजेक्ट फायली आणि अंतिम फिल्म तरी ठेवाव्यात. एसएसडी कामासाठी उत्तम आहे, पण वर्षानुवर्षे वीज न देता कपाटात ठेवण्यासाठी साधी हार्ड डिस्क बरी; तीही वर्षातून एकदा जोडून उघडून पाहावी. डिस्कवर क्रमांकाची चिठ्ठी लावावी आणि कोणत्या क्रमांकात कोणाचे लग्न आहे, हे एका वहीत किंवा एक्सेलच्या तक्त्यात लिहावे.

मूळ फुटेज किती दिवस सांभाळणार, हे काम घेतानाच लेखी सांगावे आणि तो दिनांक त्याच तक्त्यात लिहावा. पुसण्याच्या आठवडाभर आधी कुटुंबाला निरोप पाठवावा, हवे असल्यास त्यांनी स्वतःची डिस्क आणून द्यावी असे सुचवावे. बहुतेक वेळा ‘अजून महिनाभर असू द्या’ असे उत्तर येते, तेव्हा तक्त्यात दुसऱ्या दिनांकासाठी एक रकाना आधीच मोकळा ठेवलेला बरा.